जुन्या डेस्कटॉपवर नवे गेम : पैसे कुठे घालावेत, कुठे थांबावं

पुण्या-मुंबईतल्या कंपन्या चार-पाच वर्षं वापरलेले डेस्कटॉप एकगठ्ठा विकून टाकतात. साफसूफ होऊन, विंडोज नव्याने टाकून ते लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून येतात आणि तिथून पार तालुक्याच्या गावापर्यंत पोचतात. बऱ्यापैकी मोबाइलला जेवढे पैसे पडतात त्याहून कमी पैशांत घरात पीसी येतो. येताना तो अभ्यासासाठी म्हणून येतो. पण थोड्याच दिवसांत घरातली मुलं विचारू लागतात, यावर नवे गेम का अडखळतात? आणि नीट चालवायचे तर काय बदलावं लागेल?

प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात, ‘ग्राफिक्स कार्ड टाक.’ मुलं पैसे साठवून कार्ड आणतात. ते कॅबिनेटमध्ये मावत नाही, किंवा त्याला जोडायला वायरच नसते, किंवा सगळं जोडून झाल्यावरही गेम पहिल्यासारखाच अडकत राहतो. वाढदिवसाचे आणि दिवाळीचे मिळून जमलेले पैसे असे वाया गेलेले पाहिले की वाईट वाटतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

उदाहरणादाखल असाच एक नेहमी दिसणारा कॉम्प्युटर घेऊ. प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीतला कोअर आय५-४५७०, २०१३ साली आलेला. ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी. ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटातलंच काय ते चित्र काढणार. हे मशीन भंगारात काढण्याजोगं आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण त्याची मर्यादा कुठे आहे हे आधी कळलं पाहिजे, आणि ती मर्यादा ठरवणारी गोष्ट या डब्याच्या बाहेर आहे.

मोठे गेम बनवणाऱ्या कंपन्या आपला गेम आखतात तो मुख्यतः कन्सोलच्या मापाने. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन बाजारात आले. त्यांच्यात प्रोसेसरचे आठ कोअर होते खरे, पण ते ‘जॅग्वार’ नावाचे कमी ताकदीचे कोअर, प्लेस्टेशनमध्ये १.६ गिगाहर्ट्झवर चालणारे. मेमरी ८ जीबी आणि साठवायला साधी हार्ड डिस्क. आपल्या आय५ चे कोअर चारच, पण ते ३.२ गिगाहर्ट्झवर चालतात, गरज पडली तर ३.६ पर्यंत जातात आणि एका ठोक्यात कामही जास्त उरकतात. म्हणजे त्या पिढीच्या कन्सोलसाठी लिहिलेला गेम या प्रोसेसरला जड जाण्याचं कारणच नव्हतं. पुढची सात वर्षं हे असंच चाललं. म्हणून २०१९ साली पीसीवर आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची किमान अट आय५-२५००के इतकी जुनी होती, तो प्रोसेसर २०११ चा. ‘फोर्झा होरायझन ५’ २०२१ चा, त्याची किमान अट आय५-४४६०, म्हणजे आपल्याच पिढीतला.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स आले आणि माप बदललं. आता आठ कोअर, एका वेळी सोळा धागे, म्हणजे कामांचे सोळा प्रवाह, हाताळणारे. मेमरी १६ जीबी. आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, प्लेस्टेशनमधली तर सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी. पहिली दोन-तीन वर्षं कंपन्या दोन्ही पिढ्यांसाठी गेम काढत होत्या, तोवर आपला आय५ तग धरून होता. मग जुन्या कन्सोलचा हात सुटला आणि अटी झपाट्याने वर गेल्या. हे एकाच गेममध्ये पाहायचं तर ‘सायबरपंक २०७७’ पाहावा. २०२० साली त्याची किमान अट होती आय५-३५७०के आणि ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क चालत होती. पुढे जुन्या कन्सोलसाठीचे अपडेट थांबले आणि २०२३ मध्ये त्याच गेमची किमान अट झाली आय७-६७००, १२ जीबी रॅम आणि एसएसडी. गेम तोच, शहर तेच. फक्त कुठल्या यंत्राला धरून तो घडवायचा ते बदललं.

तेव्हा ‘नवा गेम’ हा शब्द मोघम आहे. २०२० च्या आधीच्या कन्सोलवरही चालणारा गेम असेल तर या डेस्कटॉपला थोडी मदत पुरते. केवळ नव्या कन्सोलसाठी बनवलेला असेल तर कितीही मदत केली तरी धाप लागणार. पैसे काढण्याआधी आपल्याला कुठले गेम खेळायचे आहेत त्यांची नावं कागदावर लिहावीत आणि प्रत्येकाची किमान अट पाहावी. याला एक पैसा लागत नाही.

आता अडखळणं म्हणजे नक्की काय होतं ते पाहू. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. सेकंदाला ३० चालणार असतील तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. या वेळात प्रोसेसर ठरवतो की गाडी कुठे आहे, शत्रू कुठे पळतोय, गोळी कुणाला लागली, आणि मग ‘हे हे काढ’ अशी यादी ग्राफिक्सच्या चिपकडे देतो. चिप ती यादी घेऊन रंग, सावल्या, प्रकाश भरते. हे काम पोळ्यांसारखं आहे. एकीने लाटायच्या, दुसरीने भाजायच्या. लाटणारी सावकाश असेल तर तवा कितीही मोठा आणा, तो रिकामाच तापत राहतो. भाजणारी सावकाश असेल तर लाटलेल्या पोळ्या साचून राहतात. कुणामुळे कोण थांबलंय हे कळल्याशिवाय खर्च करायचा नाही, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मे चुकीचे खर्च टळतात.

वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर हे घरच्या घरी मोजता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डाची ताकद अपुरी पडतेय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभराला टेकलेले असतील तर कार्ड बदलून काहीही होणार नाही. आकडे बघण्याचा कंटाळा असेल तर आणखी सोपी परीक्षा आहे. गेमचं रेझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. १०८० मध्ये २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात, ७२० मध्ये ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एवढं ओझं उतरवूनही वेग वाढला नाही तर अडथळा प्रोसेसरचा आहे.

आपल्या उदाहरणातल्या मशीनमध्ये मात्र मोजण्याआधीच एक दोषी स्पष्ट दिसतो. हार्ड डिस्क. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. त्याआधी वाचणारा दांडा योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एक तुकडा शोधायलाच बारा-तेरा मिलिसेकंद गेले, आणि एका चित्राला मिळून वेळ होता १६.७! जुन्या गेममध्ये एक लेव्हल सुरुवातीला पूर्ण मेमरीत भरली जायची, मग डिस्क निवांत बसायची. आताच्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये तुम्ही गाडी पळवता तसतशा पुढच्या इमारती, रस्ते, माणसं डिस्कवरून येत राहतात. डिस्क मागे पडली की गाडी पुढे जाते आणि रस्ताच उमटत नाही, किंवा क्षणभर सगळं थिजतं. साध्या साटा एसएसडीला हाच तुकडा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो, आणि सलग वाचताना ती सेकंदाला सुमारे ५५० एमबी देते. हार्ड डिस्क दीडशेच्या आसपास दमते.

म्हणून पहिला खर्च एसएसडीचा. ‘बाल्डर्स गेट ३’ २०२३ चा, त्याची प्रोसेसरची किमान अट आय५-४६९० आहे, आपल्या प्रोसेसरचाच थोरला भाऊ. पण जागा १५० जीबी, आणि तीही एसएसडीवर. तेव्हा २५६ जीबी घेऊन नंतर हळहळण्यापेक्षा थोडं थांबून ५१२ किंवा १ टीबीची घ्यावी. अडीच इंची साटा प्रकारचीच घ्या. च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी जास्त वेगवान असते, पण या वयाच्या बोर्डावर तिची जागाच नसते आणि कार्ड लावून बसवली तरी बहुधा तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. फोटो, सिनेमे, अभ्यासाच्या फाइल्स तिच्यावर राहू देत.

रॅमच्या बाबतीत लोक फक्त जीबी मोजतात, पट्ट्या मोजत नाहीत. मेमरीपर्यंत जाणाऱ्या वाटा दोन असतात आणि एकाच पट्टीवर त्यातली एक बंद पडून राहते. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती पोचवते, योग्य खाचांत बसवलेल्या दोन पट्ट्या मिळून २५.६. तुमच्याकडे वेगळं कार्ड नसेल तर हा फरक फारच मोठा, कारण प्रोसेसरच्या पोटातली ग्राफिक्स चिप आपली स्वतःची मेमरी बाळगत नाही, हीच रॅम वापरते. २०१८ चा रायझन ३ २२००जी एकाच पट्टीवर चालवणारे बरेच जण असतात. त्यांनी दुसरी पट्टी टाकली की नवं कार्ड न घेताही गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. विकत घेताना प्रोसेसर कुठल्या पिढीची रॅम घेतो ते पाहा. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या जागी बसतच नाही. आणि डीडीआर३ वर १६ जीबीच्या पुढे खर्च करू नये, कारण ही पट्टी पुढच्या कुठल्याही नव्या मशीनमध्ये कामाला येणार नाही. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की नव्या रॅमचे भाव कडाडले. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा केली. अशा वेळी जुन्या डीडीआर३ ची सेकंड हँड पट्टी दुकानात लावून, तपासून घेणं हाच शहाणपणा.

आता ज्याच्याकडे कुणी बघतच नाही तो वीज पुरवणारा भाग, एसएमपीएस. कॅबिनेटचं झाकण उघडा आणि भिंतीतून येणारी वायर ज्या पत्र्याच्या डब्यात शिरते त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ लिहिलेलं असेल, त्याकडे दुर्लक्ष करा. खाली एक तक्ता असतो, त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट अशी घरं असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या घरातून घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. तुमच्या कामाचा खरा आकडा हा, ४५० नव्हे. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या घरात तीसच्या वर अँपिअर दिसतील. स्वस्तातल्या असेंबल केलेल्या पीसीमध्ये खर्च वाचवला जातो तो नेमका इथे, कारण गिऱ्हाईक प्रोसेसर आणि रॅम विचारतं, एसएमपीएसचं नाव कुणी विचारत नाही. आणि बिघडताना हाच भाग एकटा बिघडत नाही. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात हलका एसएमपीएस मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन जातो. नवं कार्ड घेण्याचं बजेट असेल आणि एसएमपीएस बेनामी असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण एसएमपीएस आधी बदला.

कंपन्यांतून आलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपची गोष्ट वेगळी. त्यातला एसएमपीएस प्रामाणिक असतो, २९० वॅट म्हणजे खरंच २९० वॅट. अडचण जोडणीची. नेहमीच्या मदरबोर्डला २४ पिनांची वीजजोडणी लागते. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० किंवा ९०२० सारख्या मॉडेलमध्ये तिथे ८ पिना आहेत, एचपी आणि लेनोवोच्या कित्येक मॉडेलमध्येही आपापली वेगळी रचना. त्यामुळे बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही, मधे कन्व्हर्टर वायर लावावी लागते. शिवाय कार्डाला वेगळी वीज देणारी ६ किंवा ८ पिनांची वायर या एसएमपीएसना बहुधा नसतेच.

पण यातून एक सरळ वाट निघते. मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत ग्राफिक्स कार्ड बसतं ती खाचच ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्या मर्यादेत भागणारं कार्ड घेतलं तर ना वेगळी वायर लागते, ना एसएमपीएस बदलावा लागतो. आय५-४५७० ची वरची मर्यादा ८४ वॅट, कार्डाचे ७५, बाकी सगळ्याचे मिळून तीस-चाळीस. दोनशेच्या आसपास हिशेब बसतो, २९० मध्ये आरामात.

या ७५ वॅटच्या गटात ठरावीक नावं आहेत. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय एके काळी गरिबांचं दैवत होतं. ते आता सेकंड हँडमध्येही घेऊ नये असं माझं मत आहे, कारण एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. २०१९ चं जीटीएक्स १६५० अजून चांगलं, मात्र मेमरी ४ जीबीच. त्याच्या काही मॉडेलना वेगळी ६ पिनांची वायर लागते, ती पाहूनच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये भागतं आणि या गटात माझी पहिली पसंती त्याला. त्याच नावाचं जुनं ८ जीबी मॉडेल आहे, त्याला जास्त वीज आणि वेगळी वायर लागते. नाव सारखं म्हणून गफलत होते, तेव्हा खोक्यावरचे जीबी वाचून घ्यावेत.

एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, आकाराने इवलंसं, पातळ कॅबिनेटमध्येही मावतं. वाचायला हे आपल्या मशीनसाठीच बनवलंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते मदरबोर्डशी चारच पदरांनी बोलतं, आणि हे चार पदर पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीच्या वेगाने चालतील असं गृहीत धरलेलं आहे. आपला २०१३ चा बोर्ड तिसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे वेग तिथेच निम्मा. आणि बोर्डावर एच८१ चिपसेट असेल, जो स्वस्त बोर्डांवर आणि ऑप्टिप्लेक्स ३०२० मध्येही आहे, तर खाच दुसऱ्या आवृत्तीची. वेग निम्म्याचाही निम्मा. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की त्याला रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि ही अरुंद वाट तिथे जाचते. नव्या बोर्डावर बरं चालणारं कार्ड जुन्यावर का रडतं याचं उत्तर असल्या बारीक अक्षरांत दडलेलं असतं.

ज्यांचं कॅबिनेट ऐसपैस आहे आणि एसएमपीएस चांगला आहे, त्यांना सेकंड हँड बाजारात २०१७ चं आरएक्स ५८० आठ जीबीमध्ये मिळतं. १८५ वॅटचं, तापणारं, पण दमदार कार्ड. इथे दोन गोष्टी नीट पाहा. त्याचं ‘२०४८ एसपी’ नावाचं हलकं भावंड चीनमध्ये विकलं जायचं, त्यात काम करणारी एककं २०४८. खऱ्या ५८० मध्ये २३०४. दोन्ही बाजारात एकाच नावाने फिरतात. दुसरं म्हणजे यातली असंख्य कार्डं इथेरियम या डिजिटल चलनाच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली आहेत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धत बंद केली आणि ही कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट संपलेले असतात. जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर दुकानातच चालवून एककांचा आकडा वाचावा आणि पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम लावून बघावा. दुकानदार त्याला नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.

एसएसडी आली, रॅमच्या दोन पट्ट्या झाल्या, कार्ड बसलं. आता प्रोसेसरचं खरं रूप दिसतं. आय५-४५७० चार कोअरचा आणि चारच धाग्यांचा. नव्या कन्सोलसाठी लिहिलेला गेम आपलं काम सात-आठ धाग्यांत वाटून ठेवतो. मागे ब्राउझर उघडा असेल, डिस्कॉर्डवर मित्रांशी गप्पा चालू असतील, तर तेही याच चौघांच्या डोक्यावर. अशा वेळी सरासरी आकडा फसवतो. पन्नास-पंचावन्न एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं, दिसतात, पण दर थोड्या वेळाने एक झटका बसतो. खेळणाऱ्याला जाणवतो तो सरासरी आकडा नव्हे, हा झटका. त्याच बोर्डावर आय७-४७७० बसतो, कोअर चारच पण धागे आठ. बोर्डाचं बायोस साथ देत असेल तर झिऑन ई३-१२३१ व्ही३ सुद्धा, फक्त त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड हवंच. हे झटके त्याने कमी होतात. स्वस्तात मिळाला तर घ्यावा. पण इथे मन आवरावं लागतं, कारण हा या बोर्डाचा शेवटचा जिना आहे. वर गच्ची नाही.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय५ असणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटते. गणिताच्या आज्ञांचा एव्हीएक्स२ नावाचा एक संच इंटेलने चौथ्या पिढीत आणला. अलीकडचे काही गेम तो नसेल तर सुरूच होत नाहीत. हळू चालणं वेगळं आणि न उघडणं वेगळं. त्या मशीनवर गेमसाठी पैसे घालू नयेत.

ज्यांनी २०१७-१८ मध्ये एएमडीचा एएम४ बोर्ड घेतला त्यांचं नशीब मात्र थोर. रायझन ३ १२०० लावलेल्या त्याच बोर्डावर, बायोस अपडेट केल्यावर, बहुतेक ठिकाणी २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. सहा कोअर, बारा धागे, वीज तीच ६५ वॅट. रॅम तीच, कॅबिनेट तेच. एका चिपच्या पैशांत मशीन दोन-तीन पिढ्या पुढे जातं. घरात असा बोर्ड असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या खर्चांआधी हा विचार करा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसरची यादी असते, तिच्यात नाव आहे की नाही बघितल्याशिवाय मागवू नका.

पैशाने न सुटणाऱ्या अडचणीही आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचं मशीन त्यात अधिकृतपणे बसत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये हे जास्त नडतं, कारण खेळातली लबाडी पकडणाऱ्या प्रणाली आता या सुरक्षेवरच उभ्या आहेत. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही हवे असतात, २०२५ च्या ‘बॅटलफील्ड ६’ला सिक्युअर बूट. तर डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ रे ट्रेसिंग करणारं कार्ड असल्याशिवाय चालतच नाहीत. तिथे सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही.

सेटिंगचा विषय निघालाच आहे तर फुकटातल्या गोष्टी सांगून टाकतो. सगळं ‘लो’वर ओढण्याची गरज नसते. टेक्स्चरचा दर्जा वेगावर फारसा बोजा टाकत नाही, फक्त कार्डाची मेमरी खातो. तेव्हा मेमरी पुरेल तेवढा तो वर ठेवा. सावल्या, धुकं आणि प्रतिबिंब ही तीन कार्डाला सर्वांत जड जातात, ती उतरवा. रस्त्यावरची गर्दी कमी केली की प्रोसेसर मोकळा होतो. मग एफएसआर. एएमडीने २०२१ मध्ये काढलेली ही पद्धत चित्र कमी ठिपक्यांत काढून हुशारीने मोठं करते आणि ती एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालते. एनव्हिडियाची डीएलएसएस मात्र फक्त आरटीएक्स कार्डांवर. आणि ४० ते ६० मध्ये हेलकावणारा वेग ४० वर बांधून टाकला तर खेळ जास्त गुळगुळीत वाटतो, हे करून बघावं.

आणि उन्हाळा! मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला पारा ४५ च्या आसपास जातो, पंख्याच्या खोलीतही चाळिशी सुटत नाही. खोलीचं तापमान जितकं वाढतं जवळजवळ तितकंच चिपचंही वाढतं. चौथ्या पिढीचा इंटेल शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून खडू झालेली असते, पाकळ्यांत धुळीची गादी बसलेली असते. नवीन पेस्टची एक ट्यूब आणि एक मऊ ब्रश एवढ्यावर दहा-पंधरा अंश उतरू शकतात. ब्रश मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरवू नका. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलं असेल तर आधी बाहेर काढा. हे काम कुठल्याही खरेदीच्या आधी करायचं, कारण कित्येकदा ‘मशीन जुनं झालं’ म्हणून जी तक्रार असते ती नुसत्या उष्णतेची निघते.

माझा निवाडा असा. चौथ्या पिढीच्या आय५ वर साटा एसएसडी, रॅमची दुसरी पट्टी आणि ७५ वॅटच्या आतलं कार्ड, इथवर खर्च करणं योग्य आहे. ‘जीटीए ५’, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’, ‘फोर्झा होरायझन ५’ आणि त्या काळातले शेकडो गेम त्यावर समाधानाने खेळता येतात, अजून कित्येक वर्षं पुरतील एवढे. यातली एसएसडी आणि कार्ड पुढच्या मशीनमध्येही जातील, ते पैसे बुडत नाहीत. आय७ साठी मात्र खिशात हात घालताना दोनदा विचार करा, आणि नव्या बोर्डासाठी पैसे साठत असतील तर ते मोडू नका. दुकानात जाण्याआधी एसएमपीएसच्या स्टिकरचा, मदरबोर्डवर छापलेल्या नावाचा आणि कार्डाच्या खाचेसमोरच्या मोकळ्या जागेचा असे तीन फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. काउंटरवर उभं राहून ‘बसेल ना?’ असं विचारण्यापेक्षा ते फोटो दुकानदारापुढे ठेवा.